मुलं खरं कधी बोलतात?

प्रश्न : आमच्या शाळेत रोज परिपाठ होतो. प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा, दिनविशेष, सगळं वेळेवर. तरीही मधल्या सुट्टीत कुणाचं तरी खोडरबर नाहीसं होतं आणि विचारलं की वर्ग गप्प बसतो. गृहपाठ एकमेकांचा उतरवलेला असतो. वर्गात खरंच चारित्र्य घडतं का? मुलांना स्वतःची ओळख व्हावी म्हणून चौथी-पाचवीत नक्की कोणते उपक्रम घ्यावेत?
— एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, सातारा जिल्हा

उत्तर : वर्गात चारित्र्य घडतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण परिपाठाच्या वेळेत ते थोडं घडतं आणि उरलेल्या दिवसभरात पुष्कळ घडतं. खोडरबर हरवल्यावर तुम्ही वर्गासमोर उभं राहून पहिलं वाक्य कोणतं बोलता, त्यात घडतं. गृहपाठ न केलेल्या मुलाला खरं सांगायची किती किंमत मोजावी लागते, त्यात घडतं. म्हणून उपक्रमांकडे जाण्याआधी तुमच्या पत्रातल्या त्या खोडरबराकडेच जरा नीट पाहू.

आपल्या शिक्षकांना मूल्यशिक्षणातली दहा मूल्यं तोंडपाठ असतात : वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता. मुलांनाही ती पाठ होतात. यादीत वावगं काहीच नाही. पण मूल्य पाठ असणं आणि वेळेला तसं वागणं यांचा संबंध आपण समजतो तेवढा घट्ट नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोन अभ्यासकांनी हे फार चिकाटीने तपासलं. जवळजवळ अकरा हजार शाळकरी मुलांना त्यांनी लबाडी करायची संधी दिली. मुलांनी आपला पेपर आपणच तपासायचा, आणि त्या उत्तरांची नक्कल त्यांच्या नकळत आधीच करून ठेवलेली. डोळे मिटून कागदावर ठिपके द्यायचे. कोड्यासाठी दिलेली नाणी खेळ संपल्यावर पेटीत परत ठेवायची. १९२८ साली या अभ्यासाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि त्यातून जे दिसलं ते अनेकांना पचलं नाही. पेपरात लबाडी करणारं मूल नाणीही उचलतंच, असं सरसकट आढळलं नाही. तेच मूल एका ठिकाणी सचोटीचं आणि दुसऱ्या ठिकाणी लबाड निघत होतं. पुढे याच आकड्यांची फेरतपासणी झाली तेव्हा मुलांच्या वागण्यात थोडं सातत्य सापडलं, पण थोडंच. सद्गुण शिकवणाऱ्या संस्थांत नियमाने जाणारी मुलं इतरांपेक्षा खात्रीने प्रामाणिक होती, असंही दिसलं नाही. फरक दिसला तो वर्गावर्गांत. जिथे शिक्षक आणि मुलं यांचं नातं मोकळं, एकमेकांना धरून चालणारं होतं, तिथे फसवणूक कमी होती.

याचा अर्थ मी असा घेतो : एखाद्या मुलावर ‘चोर’ म्हणून शिक्का मारणं अन्यायाचं तर आहेच, शिवाय ते बहुधा चुकीचंही आहे. आपल्या हातात आहे ती परिस्थिती. खरं वागणं सोपं व्हावं, खोटं वागण्याची गरजच पडू नये, अशी वर्गाची घडी बसवणं हे शिक्षकाचं काम आहे.

आता बोधकथांबद्दल. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे आणि सांगितलीही आहे. कॅनडातल्या कांग ली या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांवर तिची परीक्षा घेतली. २०१४ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. मुलांना सांगायचं, मागे खेळणं ठेवलं आहे, वळून बघू नकोस. मग मोठं माणूस खोलीबाहेर जातं. पुष्कळ मुलं बघतातच. त्यानंतर एक गोष्ट वाचून दाखवायची आणि मग विचारायचं, तू पाहिलंस का? लांडग्याची गोष्ट ऐकलेली मुलं काही जास्त खरं बोलली नाहीत. खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची गोष्टही कामी आली नाही. कामी आली ती लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनची. त्याने वडिलांचं चेरीचं झाड तोडलं, विचारल्यावर कबूल केलं आणि वडिलांना त्या कबुलीचा आनंद झाला. संशोधकांनी मग हीच गोष्ट बदलून पाहिली : जॉर्ज खोटं बोलतो आणि त्याचे वाईट परिणाम भोगतो. गोष्टीचा गुण लगेच गेला.

परिपाठाची बोधकथांची वही काढून बसा. किती गोष्टींत खोटं बोलणाऱ्याची फजिती आहे, आणि किती गोष्टींत खरं बोलणाऱ्याला कुणी जवळ घेतलं आहे, हे मोजून पाहा. लाकूडतोड्याची गोष्ट आपल्याकडे आहे, तिथे खरं बोलल्याबद्दल सोन्याची कुऱ्हाड मिळते. मला मात्र जॉर्जच्या वडिलांचा आनंद अधिक मोलाचा वाटतो, कारण तो प्रत्येक शिक्षकाला देता येतो.

याच कांग लींनी व्हिक्टोरिया तलवार यांच्याबरोबर केलेला आणखी एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तो प्रत्येक शिक्षक प्रशिक्षणात ऐकवावा, असं मी म्हणेन. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळा. एका शाळेत छडी आणि चापट रोजची, दुसरीत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर तोच ‘वळून बघू नकोस’चा खेळ. दोन्ही शाळांतल्या बहुतेक मुलांनी वळून पाहिलं. पण छडीच्या शाळेतली बहुतेक सगळी मुलं खोटं बोलली, आणि पुढचे प्रश्न विचारल्यावर ते खोटं त्यांनी सफाईने निभावूनही नेलं. धाकाने ती प्रामाणिक झाली नव्हती. चार वर्षांच्या वयात लपवायला मात्र शिकली होती. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही बंदी आहे. वर्गासमोर उभं करून ‘सांग, तूच घेतलंस ना?’ असं विचारणं या दुसऱ्या प्रकाराच्या फार जवळ जातं.

तर खोडरबर. ‘कुणी घेतलं?’ हा प्रश्न विचारला की घेणाऱ्यासमोर दोनच वाटा राहतात, फजिती किंवा खोटं. नऊ-दहा वर्षांचं मूल दुसरी वाट धरणार. त्याऐवजी टेबलावर एक रिकामी कंपासपेटी ठेवा आणि सांगा : ‘जेवणाच्या सुट्टीत मी व्हरांड्यात असेन. ज्याला ते खोडरबर सापडलं असेल त्याने या पेटीत ठेवावं. कुणी ठेवलं ते मी बघणार नाही आणि कधीच विचारणार नाही.’ यातलं शेवटचं वाक्य पाळणं सगळ्यात अवघड. खोडरबर परत आल्यावर वर्गातली दोन चौकस मुलं ‘बाई, आम्ही पाहिलं, अमक्याने ठेवलं’ म्हणत येतील. त्यांना तिथेच थांबवा, ‘मला नाव नकोय’ म्हणा, आणि पूर्ण वर्गाला ऐकू जाईल असं म्हणा, ‘ज्याने ठेवलं त्याचं मला फार बरं वाटलं.’ मान खाली घालून बसलेल्या कुणाच्या तरी कानात ते वाक्य जातं. पहिल्या दिवशी पेटी रिकामी राहिली तर दुसऱ्या दिवशीही ठेवा. ज्याचं हरवलं त्या मुलाला तोवर शाळेच्या डब्यातलं एक द्या, म्हणजे तो भरडला जायचा नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, स्वतःची ओळख. चारित्र्य आणि आत्मभान या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या तासांना शिकवायला जातो. त्या एकमेकींशी किती बांधलेल्या आहेत हे १९७९च्या एका अमेरिकी प्रयोगात दिसतं. तिकडे हॅलोविनच्या रात्री मुलं सोंगं घेऊन घरोघर गोळ्या मागत फिरतात. काही घरांत गोळ्यांचं भांडं ठेवून यजमानीण सांगायची, ‘एकच घे’, आणि आत जायची. काही वेळा भांड्यामागे आरसा ठेवलेला असे. ज्या मुलांना आधी नाव-गाव विचारलं होतं, त्यांच्यात आरसा असताना जास्तीची गोळी उचलणारी खूपच कमी निघाली. आरशाने उपदेश केला नव्हता. आपण काय करतो आहोत हे मुलाला त्या क्षणी दिसलं, एवढंच. वर्गातल्या प्रत्येक उपक्रमाने हेच करावं. मुलाने स्वतःला पाहावं, आणि पाहिल्यावर लाज नव्हे, पुढे काय करायचं ते सुचावं.

माझ्या मते सगळ्यात गुणाचा उपक्रम अगदी साधा आहे, म्हणून तो फार सविस्तर सांगतो. श्रुतलेखन तुम्ही घेताच. दहा शब्द सांगण्याआधी प्रत्येकाने वहीच्या कोपऱ्यात एक आकडा लिहायचा : माझे किती बरोबर येतील? मग लेखन, पेनाने. मग तुम्ही शब्द फळ्यावर लिहायचे आणि प्रत्येकाने आपली वही आपणच तपासायची, चुकीच्या शब्दाखाली फक्त रेघ मारायची, शेवटी अंदाजाशेजारी खरा आकडा लिहायचा. समजा एका मुलीने अंदाज आठ लिहिला आहे. फळ्यावर ‘परीक्षा’ येतं आणि तिच्या लक्षात येतं की आपण ‘परिक्षा’ लिहिलं. तिचा पेन थबकतो. तिथे हळूच एक वेलांटी दीर्घ करता येते, कुणाला कळणार नाही. मग ‘आशीर्वाद’मध्ये तोच घोळ. या थबकण्यात तुम्हाला हवं ते सगळं चाललेलं असतं. दहापैकी दहा आलेल्यांना तुम्ही उभं करून टाळ्या वाजवून घेतल्यात, तर वेलांटी दीर्घ होणार. तुम्ही म्हणालात, ‘अंदाज आणि आकडा यात ज्यांचा फरक जास्त, त्यांना आज मजेचं काम आहे, फरक कुठून आला ते शोधायचं,’ तर ती खाली रेघ मारेल. थोड्या वेळाने स्वतःच सांगेल, ‘बाई, माझे सगळे चुकलेले शब्द वेलांटीचेच आहेत.’ चौथीतल्या मुलीला आपल्या चुकीची जात ओळखता येणं, यापेक्षा मोठं आत्मभान मी त्या वयाकडे मागणार नाही. हार्टशॉर्न आणि मे यांनी मुलांना पकडण्यासाठी जी रीत वापरली, तीच इथे मुलांवर विश्वास टाकण्यासाठी वापरली जाते. एक अट मात्र कडक पाळा : हे आकडे तुमच्या कुठल्याही नोंदवहीत चढता कामा नयेत.

दुसरा उपक्रम वहीचाच. आठवड्यातून दोनदा, शेवटच्या तासाची दहा मिनिटं. मुलांनी तीन गोष्टी लिहायच्या : आज काय झालं, तेव्हा मला काय वाटलं, पुन्हा तसं झालं तर मी काय करेन. सुरुवातीला सगळ्या वह्यांत ‘मला बरं वाटलं’ आणि ‘मला वाईट वाटलं’ हीच दोन वाक्यं येतील. म्हणून आधी फळ्यावर शब्द जमवा. हिरमुसलो, धास्तावलो, चिडलो, ओशाळलो, हेवा वाटला, हायसं वाटलं, गहिवरून आलं. मुलांच्या घरच्या बोलीतले शब्दही घ्या, ते बहुधा अधिक नेमके असतात. ‘राग आला’ आणि ‘हेवा वाटला’ यांतला फरक ज्या मुलाला कळला, ते मारामारीच्या आधी एक श्वास थांबण्याची शक्यता वाढते. ही वही कुणाची आहे, हे पहिल्याच दिवशी ठरवा. मुलाने पान दुमडलं असेल तर तुम्ही ते उघडायचं नाही. वर्गात कुणाचीही वही मोठ्याने वाचायची नाही, कौतुक म्हणूनसुद्धा नाही. शुद्धलेखनाच्या चुका तर अजिबात काढायच्या नाहीत.

इथे एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. अशी वही सुरू केली की कधी ना कधी एखाद्या पानावर घरातली मारहाण, बापाचं दारू पिणं किंवा त्याहून भयंकर काही उमटतं. अशा वेळी वही मिटून ठेवणं म्हणजे मुलाचा विश्वासघात. मुलांना पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगा : ‘मी तुमचं गुपित कुणाला सांगणार नाही, पण कुणी तुम्हाला इजा करत असेल तर मदत आणण्यासाठी मला बोलावं लागेल.’ १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तिथे शाळेच्या अब्रूचा विचार करायला जागा नाही.

मुलं एकमेकांना कशी वागवतात, हा तिसरा भाग. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांची जिगसॉ पद्धत मला अतिशय आवडते. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि रोज भांडणं पेटू लागली. ॲरन्सन यांनी वर्गात बसून पाहिलं, तर मुलं सतत बाईंच्या एका ‘शाब्बास’साठी एकमेकांशी झुंजत होती. त्यांनी उपदेश टाळला आणि धडाच तुकड्यांत कापला. पाच-सहा मुलांचा गट, प्रत्येकाकडे एकच तुकडा, आणि शेवटी परीक्षा पूर्ण धड्यावर. शेजारचा अडखळत बोलत असेल तरी त्याला हसून चालत नाही, कारण त्याचा तुकडा दुसऱ्या कुणाकडेच नाही. तुम्ही हे सावित्रीबाई फुल्यांच्या धड्यावर करून पाहा. एकाकडे १८३१ सालचा नायगावचा जन्म आणि बालपण, एकाकडे जोतिरावांनी शिकवलं तो काळ, एकाकडे १८४८ची पुण्यातली मुलींची शाळा, एकाकडे रस्त्यात अंगावर फेकलेलं शेण आणि चिखल, एकाकडे १८९७ची प्लेगची साथ, जिच्यात रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या. एरवी हजेरीलाही हळू आवाजात ‘उपस्थित’ म्हणणारी मुलगी प्लेगचा तुकडा सांगत असते आणि वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा पेन सरसावून तिच्या तोंडाकडे बघत असतो. गट मात्र तुम्हीच पाडा. मुलांवर सोडलंत तर वस्ती आणि जात आपोआप गट पाडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही सातारा जिल्ह्यातून लिहिता, तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण होणारच. १९१९ मध्ये त्यांनी काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वतः काम करत, एकाच पंक्तीला जेवत. वसतिगृह चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. समतेवर तिथे व्याख्यानं झालीही असतील, पण त्या मुलांना समता कळली ती भाकरी वाढताना. तुमच्या शाळेत ही संधी रोज दुपारी येते. शालेय पोषण आहाराची खिचडी कोण वाढतं, कुणाच्या शेजारी कोण बसतं, भांडी कोण विसळतं, हे पाहा. वाढपाची पाळी आठवड्याने बदलणारी ठेवा, मुलगे आणि मुली दोघांची, आणि पंगतीत बसण्याची जागा चिठ्ठ्या टाकून. वाढणाऱ्यांनी शेवटी जेवायचं आणि सगळ्यांना पुरलं का ते सांगायचं. एखाद्या दिवशी खिचडी कमी पडेल. तेव्हा तुम्ही लगेच मध्ये पडू नका. मुलं काय करतात ते आधी बघा.

विक्रेत्याविना चालणाऱ्या प्रामाणिकपणाच्या दुकानाबद्दल अनेक शाळा उत्साहाने सांगतात. टेबलावर पेन्सिली, वह्या, पट्ट्या, शेजारी पैशांचा डबा. उपक्रम चांगला आहे, पण हिशेब कमी आला त्या दिवशी काय करता यावर सगळं अवलंबून आहे. कमी आलेली रक्कम फळ्यावर लिहा आणि वर्गाला विचारा की आता काय करायचं. ‘कॅमेरा लावू’ असं एक मूल म्हणेल. दुसरं म्हणेल, ‘ज्याच्याकडे पैसे नसतील त्याने चिठ्ठी ठेवावी.’ मी ही दुसरी सूचना लगेच उचलेन. पुष्कळदा पैसे नसणं हेच कारण असतं, आणि गरीब मुलाला रोज मोहात पाडणारं दुकान शाळेत मांडणं बरं नव्हे. उधारीची वही ठेवता येत नसेल तर दुकान काढूच नका.

आणखी काही गोष्टी मी टाळायला सांगेन. महिन्याचा ‘आदर्श विद्यार्थी’ निवडून त्याला बिल्ला लावणं ही त्यांतली पहिली. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि लाल फीत असलेलं प्रशस्तिपत्र मिळेल असं कबूल केलं आणि दिलंही. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांकडे वळली. मदत करण्याचा आनंद जिथे आपसूक आहे तिथे बिल्ला आणू नये. दुसरी गोष्ट, भेदभाव ‘अनुभवायला’ लावणारे खेळ. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेन एलियट या शिक्षिकेने १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, तिसरीच्या वर्गाची निळे डोळे आणि तपकिरी डोळे अशी विभागणी करून एका गटाला श्रेष्ठ ठरवलं. तिचा हेतू निर्मळ होता आणि तो प्रयोग जगभर गाजला. तरी लहान मुलांना ठरवून अपमान सोसायला लावणं मला पटत नाही, आणि ज्या वर्गात काही मुलं जन्मापासून तो सोसत आली आहेत तिथे तर अजिबात नाही.

तयार साहित्य हवं असेल तर ‘मूल्यवर्धन’ पाहा. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शाळांत तो कार्यक्रम सुरू केला आणि पुढे शासनाच्या साथीने तो राज्यभर पोचला. व्याख्यानाऐवजी जोडीत आणि गटात बोलणं, ही त्याची रीत मला योग्य वाटते. दिल्ली सरकारने २०१८ च्या जुलैत नर्सरी ते आठवीसाठी आनंदाचा अभ्यासक्रम आणला, त्यातही परीक्षा नव्हती. काही मिनिटं शांत बसून श्वासाकडे लक्ष देणं, गोष्ट, आणि गोष्टीवर मुलांचं बोलणं, असं त्याचं रूप होतं. दोन्हींतलं तुमच्या वर्गाला मानवेल तेवढंच घ्या.

राहिला सगळ्यात मोठा उपक्रम, तो म्हणजे तुम्ही स्वतः. लहान मुलासमोर एक मिठाई ठेवून ‘थांबलास तर दोन मिळतील’ असं सांगायचा स्टॅनफर्डचा प्रयोग प्रसिद्ध आहे. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असं त्यावरून बरीच वर्षं सांगितलं गेलं. २०१८ मध्ये बऱ्याच जास्त मुलांवर तपासल्यावर, घरची परिस्थिती हिशेबात घेतली की तो संबंध फार क्षीण होतो असं दिसलं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी २८ मुलांवर केलेला छोटा प्रयोग. मिठाईच्या आधी त्यांनी मुलांना छान रंग आणून देण्याचं वचन दिलं. निम्म्या मुलांसाठी ते पाळलं, निम्म्यांना ‘अरे, नाहीतच रंग’ असं सांगितलं. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं मिठाईसमोर सरासरी बारा मिनिटं थांबली, बाकीची तीन. ज्या संयमाला आपण मुलाचा स्वभाव म्हणतो, त्यातला केवढा तरी भाग समोरच्या मोठ्या माणसाच्या शब्दावर उभा असतो. ‘उद्या खेळायला सोडते’ म्हटलं आणि उद्या अभ्यास राहिला म्हणून सोडलं नाही, तर वर्ग ते विसरत नाही.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचं कामही पाहत. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः आवरून ठेवत. मुलांसाठी ते रोज स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. नीटनेटकेपणावर त्यांना वेगळा तास घ्यावा लागला नसेल.

म्हणून श्रुतलेखनाच्या वेळी तुमचाही अंदाज फळ्याच्या कोपऱ्यात लिहा : आज वर्गातल्या कितीजणांना ‘परीक्षा’ बरोबर येईल? चुकला तर मुलांसमोर आकडा खोडू नका, शेजारी खरा लिहा. सुरुवात याच एका उपक्रमाने करा आणि सत्र संपेपर्यंत तोच चालवा. वही दुसऱ्या सत्रात. सगळं एकदम सुरू केलंत तर दिवाळीपर्यंत तुम्ही दमाल आणि मुलांच्या दृष्टीने तो आणखी एक पाळला न गेलेला शब्द होईल.

प्रश्न : माझ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘इतरांना मदत करतो’, ‘नियमित व आज्ञाधारक आहे’ अशा नोंदी असतात. शेजारच्या मुलाच्या पुस्तकातही त्याच. अशा गुणांना मार्क असावेत का?
— एक पालक, कल्याण

उत्तर : मार्क नसावेत. प्रामाणिकपणाला दहापैकी आठ दिले की मूल नवव्या गुणासाठी प्रामाणिक दिसायला शिकेल. वर्णनात्मक नोंदींची कल्पना मात्र चांगली आहे. बिघडतं ते चाळीस पुस्तकांत तेच वाक्य उतरवल्याने, आणि शिक्षकांवरचं लिखापढीचं ओझं पाहता मी त्यांना फार दोष देणार नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतिपुस्तक सर्वांगीण करायचं म्हटलं आहे आणि त्यात मुलाने स्वतःचं केलेलं मूल्यमापन आणि सोबत्यांनी केलेलं मूल्यमापन यांनाही जागा आहे. ते खऱ्या अर्थाने उतरायचं असेल तर नोंदीत गुणाचं नाव नको, घडलेली गोष्ट हवी. ‘सहकार्य करतो’ऐवजी ‘हात मोडलेल्या मित्राचं दप्तर दोन आठवडे उचललं’. अशी एक ओळ वर्षातून दोनदा मिळाली तरी पुष्कळ.

पालकसभेला गेलात की गुण विचारण्याआधी बाईंना एवढं विचारा : या महिन्यात माझ्या मुलाने वर्गात कुणासाठी काय केलं, किंवा कुणाला काय त्रास दिला, यातलं काही तुम्हाला आठवतं का? लगेच उत्तर आलं नाही तर नाराज होऊ नका. पुढच्या सभेपर्यंत त्या बघून ठेवतील. आणि त्यांनी त्रासाची गोष्ट सांगितली, तर घरी गेल्यावर मुलाला त्याची बाजू आधी विचारा, चढ्या आवाजात नको. तो खरं बोलला तर ते तुम्हाला आवडलं, हे त्याच वेळी त्याला सांगा, आणि मग झालेल्या त्रासाची भरपाई कशी करायची ते दोघं मिळून ठरवा.